पेट्रोल गाडीला महागडे इरिडियम स्पार्क प्लग घालावेत का? फोंडा घाटात गाडी झटके मारते

तांबडीवाट | ९ जून, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची, १.२ लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल. ७१,००० किलोमीटर झालेत. मी पुण्यात असतो, गाडी गावी जामसंड्याला आईबाबांकडे. बाबा रोज देवगड बाजारापर्यंत जाऊन येतात, महिन्यातून एकदा आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी फोंडा घाट चढून कोल्हापूर. वर्षाला जेमतेम ८,००० किलोमीटर.

मृगाचा पाऊस सुरू झाला आणि गाडी सकाळी मिसिंग करायला लागली, म्हणजे मधूनच एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही. गरम झाली की बरीचशी नीट चालते, पण घाटात तिसऱ्या गियरवर ॲक्सिलरेटर दाबला की झटके. परवा दाजीपूरच्या अलीकडे चेक इंजिनचा दिवा लुकलुकला. आई शेजारी बसलेली, मागे ट्रक, वर धुकं. बाबा घाबरले, मला तिथूनच फोन केला.

कणकवलीच्या एका स्पेअर पार्टवाल्याने सांगितलं की इरिडियम प्लग टाका, ७५० ला एक, चारचे ३,०००. पिकअप वाढेल आणि लिटरमागे दोन-तीन किलोमीटर जास्त मिळतील म्हणे. गावातला मेकॅनिक म्हणतो १४० चा साधा प्लग पुरे. गाडीच्या पुस्तकात साधा निकेलचाच प्लग दिलाय. सध्याचे प्लग ४०,००० किलोमीटरला बदललेले आहेत.

पैशांचा प्रश्न नाही, बाबांनी घाटात अडकू नये एवढंच हवंय. ज्यांनी वापरलेत त्यांनी सांगा.

सागरगोटा | ९ जून, रात्री ९.३५

बिनधास्त टाका. मी गेल्या दिवाळीत टाकले, गाडी अक्षरशः नवी झाली. स्टार्टिंग एका झटक्यात, ॲव्हरेजही वाढलं. जुने प्लग काढले तेव्हा त्यांची टोकं झिजून गोल झाली होती.

घाटवाट | ९ जून, रात्री १०.५०

सागरगोटा, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. झिजलेले साधे प्लग काढून नवे इरिडियम टाकले, म्हणून फरक जाणवला. त्या दिवशी नवे साधे प्लग टाकले असते तरी जवळपास तेवढाच जाणवला असता. तुलना करायची तर नव्या साध्याची नव्या इरिडियमशी करायला हवी. मी माझ्या गाडीत ती केली. रत्नागिरी ते चिपळूण तोच रस्ता, त्याच पंपावर टाकी फुल, आधी नवे निकेल आणि पुढच्या महिन्यात इरिडियम. ॲव्हरेजमधला फरक इतका किरकोळ आला की पंपावरचा मुलगा नोझल कुठे थांबवतो यानेच त्याहून जास्त फरक पडत असेल.

यामागचं कारण जरा सविस्तर सांगतो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. ठिणगीची ताकद कॉइल ठरवते, म्हणजे बॅटरीची वीज उच्च दाबाची करून प्लगला देणारा भाग. प्लग म्हणजे ती ठिणगी जिथे उडते ती फट. साध्या प्लगचं मधलं टोक साधारण अडीच मिलिमीटर जाड असतं, निकेलच्या मिश्रधातूचं. इरिडियममध्ये तेच टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर. बारीक टोकावर विद्युतक्षेत्र एकवटतं, त्यामुळे ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते. शिवाय ज्वाळेच्या पहिल्या इवल्याशा गोळ्याची उष्णता शोषायला तिथे धातूही कमी असतो. हा फायदा खरा आहे. पण कॉइल धड असेल आणि नव्या साध्या प्लगमध्येही प्रत्येक वेळी ठिणगी उडून मिश्रण पेटत असेल, तर त्याहून जास्त पेटवायला उरतंच काय? पेट्रोल तेवढंच, हवा तेवढीच. जास्तीची ताकद येणार कुठून?

इरिडियम वापरतात ते झिजू नये म्हणून. निकेल साधारण १,४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १,७६८ ला, इरिडियम २,४४६ ला. इतकं बारीक टोक निकेलचं केलं तर टिकणारच नाही. इरिडियम टिकतं, म्हणून ते बारीक करता येतं.

आता तुमचा घाट. सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त, तितकी त्याच फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. तिसरा गियर, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) कमी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, हीच सगळ्यात जास्त मागणीची वेळ. म्हणजे सपाटीवर कशीबशी चाललेली कमजोरी घाटात उघडी पडते. ती कमजोरी प्लगमध्येच आहे असं मात्र अजून ठरलेलं नाही. वयाने प्लगची फट वाढली असेल, किंवा वीज वाटेतच गळत असेल. पावसात आणि सकाळी जास्त होतं हे तुम्ही लिहिलंत, म्हणून मला दुसऱ्याचा संशय येतो.

आणि लुकलुकणारा दिवा गंभीर धरा. स्थिर दिवा एक वेळ दोन दिवस चालतो. लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत असतं. तो भाग गेला तर त्यापुढे हे ३,००० काहीच नाहीत. बाबांना सांगा, कारण सापडेपर्यंत घाट नको.

कुडाळचो_फिटर | १० जून, सकाळी ७.०५

प्लगाचा ता नंतर बघूया. आधी चारय कॉइली काढा आणि बॅटरी (टॉर्च) मारून प्लगाच्या भोकात बघा. तेल दिसला तर टॅपेट कव्हराचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचा, पॅकिंग गेला समजा. पाणी दिसला तर कोणीतरी प्रेशरान इंजिन धुतल्यान. कॉइलीच्या रबराक बारीक चीर असली तरी पावसाळ्यात करंट भायरच्या भायर पळता. माझ्याकडे पावसात मिसिंगच्या ज्यो गाडयो येतत, तेतूर बऱ्याच वेळा प्लग बरो असता. आणि इंजिन पुरा थंड झाल्याबिगर प्लगाक पानो लावू नकात.

हिशेबनीस | १० जून, सकाळी ११.२०

फिटर भाऊंचा सल्ला आधी अमलात आणा. मी फक्त पैशांचं बोलतो. साधा प्लग ३०,००० किलोमीटर धरू. ९०,००० साठी तीन सेट, १४० च्या हिशेबाने १,६८०. प्रत्येक वेळी मजुरी ३०० धरली तर आणखी ९००. एकूण २,५८०. इरिडियमचा एक सेट ३,००० आणि मजुरी ३००, म्हणजे ३,३००. तो ९०,००० टिकला तरी तुम्ही ७२० रुपये जास्तच देता.

पण तुमचं चालणं वर्षाला ८,०००. म्हणजे ९०,००० व्हायला अकरा वर्षं लागतील. तेव्हा गाडी बावीस-तेवीस वर्षांची असेल. एवढ्या काळाचे पैसे आज भरून ठेवायचे का, हा विचार करा.

उलट एखाद्याच्या गाडीत प्लग बदलायला वरचा इन्टेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) काढावा लागत असेल, मजुरीच दीड-दोन हजार जात असेल, तर हाच हिशेब उलटा होतो. तिथे मी डोळे मिटून महाग प्लग घेईन. माझ्या भावाकडे होंडा सिटीची जुनी आय-डीएसआय आहे, तिला एका सिलिंडरला दोन याप्रमाणे आठ प्लग लागतात. त्याच्यासाठी सगळे आकडे दुप्पट.

घाटवाट | १० जून, दुपारी १.१५

हिशेब पटला, पण एक दुरुस्ती. बाजारात मिळणारा प्रत्येक इरिडियम ९०,००० टिकत नाही. बऱ्याच प्लगांचं फक्त मधलं टोक इरिडियमचं असतं, समोरचा वाकडा पाय निकेलचाच. तो पाय नेहमीसारखाच झिजतो. ज्यांच्या पायालाही प्लॅटिनम किंवा इरिडियमचा तुकडा जोडलेला असतो तेच लांब पल्ल्याचे. डब्यावर ‘इरिडियम’ एवढंच वाचून दोन्हींना एकच समजू नका, किमतीवरूनही कळत नाही. त्या मॉडेलची माहिती उघडून पाय कशाचा आहे ते बघा.

आणखी दोन गोष्टी ‘प्रीमियम’ म्हणून गळ्यात मारतात. एक, तीन-चार पायांचे प्लग. ठिणगी एका वेळी एकाच पायावर उडते, जिथे वाट सोपी तिथे. त्यांचा उपयोग झीज वाटून घेण्यापुरता. दुसरं म्हणजे ‘रेसिंग’ म्हणून थंड हीट रेंजचा, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा प्लग. हा आपल्यासाठी खरोखर वाईट. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर तापलं तरच त्यावरचा कार्बन जळून जातो. ८०० च्या वर गेलं तर ते स्वतःच मिश्रण वेळेआधी पेटवायला लागतं. या दोन्हींच्या मध्ये ठेवण्यासाठी कंपनीने हीट रेंज ठरवलेली असते. बाबांची चार किलोमीटरची फेरी, तीही पावसात. तिथे साधा प्लगच जेमतेम तापतो, थंड प्लग तर काळा पडूनच बसेल.

ब्रँड बदलताना आकड्यांकडेही लक्ष असू द्या. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये बरोबर उलटं. मी स्वतः एकदा यात चुकलेल्या दुकानदाराला प्लग परत केलेत.

रत्नांग्री_सीएनजी | १० जून, सायंकाळी ६.४०

माझी बाजू वेगळी आहे म्हणून लिहितो. माझी टॅक्सी सीएनजीवर चालते, रत्नागिरी-गणपतीपुळे आणि सीझनमध्ये थेट मालवण. महिन्याला ४,००० किलोमीटर सहज. सीएनजीचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे फट जरा वाढली की गाडी लगेच सांगते. पेट्रोलवर टाकली की गोड चालते, गॅसवर झटके. साधे प्लग मला फार लवकर बदलावे लागायचे. आता कंपनीने दिलेल्या हीट रेंजचेच इरिडियम वापरतो आणि माझ्यासाठी ते वसूल आहेत. प्रवासी बसलेले असताना हातखंब्याला थांबून प्लग काढत बसणं परवडत नाही.

तांबडीवाट | १२ जून, रात्री ८.००

सगळ्यांचे आभार. काल रात्रीच्या गाडीने गावी आलो, आज सकाळी गाडी थंड असतानाच कॉइल काढल्या.

पहिली, दुसरी, चौथी कोरडी. तिसरी काढताना चिकटपणा जाणवला. रबराचा खालचा भाग तेलाने फुगून मऊ झालाय आणि एका बाजूला उभी चीर आहे. भोकात बोटभर तेल, त्यात तांबड्या मातीचा चिखल. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरून खालपर्यंत केसासारखी काळी रेघ. इतर तीन प्लगांना ती नाही, पण त्यांच्या चिनी मातीवर लोखंडी भागाला लागून तपकिरी वळं दिसतंय. सिलिंडरच्या वर बसणाऱ्या हेडमधला वायू गळतोय का? फोटो जोडलेत.

चारही प्लगांची टोकं कोरडी काळी आहेत. कडा गोल झाल्यात. फट कंपनीने ०.९ ते १.० मिलिमीटर सांगितलीय, फट मोजायच्या फिलर गेजने १.२ भरली.

घाटवाट | १२ जून, रात्री ८.४५

सापडलं. ती काळी रेघ म्हणजे विजेने पाडलेली पायवाट. फटीतून उडण्यापेक्षा चिनी मातीवरून घसरून हेडला जाणं तिला सोपं वाटलं, एकदा वाट पडली की प्रत्येक वेळी तिथूनच जाते. त्या जागी कितीही महाग प्लग बसवला असता तरी फाटक्या रबरातून नवी रेघ पडली असती. आणि हो, रबर न बदलता नुसता प्लग बदलला तर रबराच्या आतली रेघ नव्या प्लगला पुन्हा तसाच करते.

तपकिरी वळ्याची काळजी नको. उच्च दाबाच्या विजेमुळे तिथली धूळ आणि तेलाचे कण चिनी मातीला चिकटतात, वायूची गळती नाही ती. कोरडा काळा रंग छोट्या फेऱ्यांचा. टोक तेलाने ओलं असतं तर पिस्टन रिंगचा विचार करावा लागला असता, ते नाही हे चांगलं आहे.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग घ्याल तेव्हा प्लगच्या भोकांभोवतीच्या गोल सीलही मागून घ्या. बरेचदा फक्त बाहेरचं लांब पॅकिंग हातात देतात आणि तेल पुन्हा त्याच भोकात उतरतं.

धोपावे_जेटी | १२ जून, रात्री १०.१०

प्लग बसवताना घाई करू नका, हे माझ्या अनुभवावरून कळकळीने सांगते. मी गुहागरची, शाळेसाठी रोज दाभोळची फेरीबोट. गाडी दिवसातून दोनदा खाऱ्या वाऱ्यात उभी असते. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये प्लग काढताना इंजिन गरम होतं आणि प्लग जाम झालेला. मुलाने लांब पाइप लावून ताकद लावली, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे प्लगबरोबर बाहेर आले. हेड उतरवून आटे नव्याने पाडावे लागले, वीस दिवस गाडी नव्हती. पावसात एसटीची वाट बघत मी वर्गावर उशिरा पोचायचे, ते अजून विसरले नाही.

तेव्हापासून मी समोर उभी राहते. आधी भोकातली माती हवेने उडवायची, नाहीतर प्लग काढताच ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग हाताने, पाना न लावता, वॉशर टेकेपर्यंत फिरवायचा. हाताने जात नसेल तर आटे तिरके लागलेत, काढून पुन्हा. मग टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा. १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०. आपल्या गाडीचा आकडा पुस्तकात असतो, तोच खरा.

कुडाळचो_फिटर | १३ जून, सकाळी ६.५०

मॅडम बरोबर सांगतत. टॉर्क पानो नसलो तर नवो प्लग वॉशर टेकल्यावर अर्धो फेरो, बस. आट्यांका ग्रीस लावची गरज नाय, प्लगाक आधीच लेप असता. ग्रीस लावलास तर तोच जोर जास्त बसता आणि आटे ताणतत. सिलिकॉन ग्रीस लावचा तर ता रबराच्या आतल्या कडेक, थोडासाच. खाऱ्या हवेत तेचो उपयोग होता.

आणि इरिडियम घातलास तर पॉलिश पेपरान, तारेच्या ब्रशान घासू नकात. बारीक टोक मोडता. गॅप पण ठोकून करू नकात, ती करूनच येता.

सागरगोटा | १३ जून, सकाळी ९.३०

माझं आधीचं मत घाईचं होतं, घाटवाट यांचं बरोबर आहे. मी मुळात प्लगच फार उशिरा बदलले होते. हा धागा वाचून काल माझे इरिडियम काढून बघितले तर आणखी धक्का बसला. एका प्लगचं टोक मधोमध नाही, चिनी मातीवरची अक्षरं नखाने पुसट होतात, आणि वॉशर हातात निघून आला. दोन प्लगांचा रोध मल्टिमीटरवर काहीच दाखवत नाही. नकली आहेत बहुतेक. ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळाले म्हणून घेतले होते.

घाटवाट | १३ जून, सकाळी १०.०५

हे तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, फार मोलाचं आहे. चांगल्या रेझिस्टर प्लगचा (आत रोध बसवलेल्या) रोध साधारण ५ किलोओमच्या आसपास येतो. आटे धारदार, कुसळं नसलेले असतात, वॉशर आट्यांवरून सहज निघत नाही, टोक पायाच्या बरोबर मध्ये असतं. नकली इरिडियमचं टोक बरेचदा साधंच असतं, बारीक केलेलं निकेल. ते साध्या प्लगपेक्षाही लवकर झिजतं. म्हणून मी सांगतो की अधिकृत दुकानातून १४० चा खरा प्लग घ्या, निम्म्या किमतीचा ‘इरिडियम’ घेऊ नका.

वाशिष्ठीकाठ | १३ जून, दुपारी ३.४०

थोडं अवांतर, पण जून आहे आणि आपण सगळे नद्यांच्या काठाने राहतो म्हणून लिहितो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या पुरात आमची गाडी बॉनेटच्या वर पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर शेजारच्या दोघांनी किल्ली फिरवून बघितली. आमच्या मेकॅनिकने बाबांना बॅटरीची तारच काढायला लावली. मग सगळे प्लग काढले आणि इंजिन हाताने फिरवलं. दोन सिलिंडरमधून गढूळ पाणी कारंज्यासारखं वर आलं. पाणी दाबलं जात नाही, प्लग आत असताना स्टार्टर मारला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. शेजारच्या एका गाडीचं तेच झालं.

त्यानंतर ऑइल तीन वेळा बदललं, आणि तोपर्यंत त्याने मुद्दाम सगळ्यात स्वस्त साधे प्लग चालवले, कारण ते खराब होणारच होते. गाडी पूर्ण बरी झाल्यावर पुस्तकातल्या नंबरचे नवे घातले. घरात प्लगचा पाना असू द्या.

तांबडीवाट | २१ जून, रात्री ९.५५

उशीर झाला, पण काम पूर्ण झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग, भोकांच्या चारही सील आणि चारही कॉइलची रबरं बदलली. प्लग पुस्तकातल्या नंबरचे, साधे, अधिकृत दुकानातून, १४५ ला एक. घेण्याआधी चारही मल्टिमीटरवर तपासले. सगळं मिळून मजुरीसकट खर्च इरिडियमच्या सेटपेक्षा कमी आला. टॉर्क पाना गावात नव्हता, मी पुण्याहून मागवला आणि तो मेकॅनिककडेच ठेवून आलो, इतर गाड्यांनाही होईल. बाबांना सांगितलंय की आठवड्यातून एकदा गाडी बाजारातून परत न वळवता नांदगावपर्यंत काढायची, म्हणजे प्लग नीट तापतील.

काल आईबाबांना घेऊन कोल्हापूरला गेलो. फोंड्यापासून धो धो पाऊस, घाटात ढग रस्त्यावर उतरलेले. तेच वळण, तिसरा गियर, मुद्दाम ॲक्सिलरेटर दाबला. गाडी एकदाही अडखळली नाही. राधानगरीला चहाला थांबलो तेव्हा बाबांनी स्वतः बॉनेट उघडून तिसऱ्या कॉइलवर हात ठेवला.

काढलेला तो रेघ पडलेला प्लग मी डबीत ठेवलाय. रबर कुठल्या मेकचं घेतलं ते कोणाला हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि कुडाळच्या फिटर भाऊ, तुमचं गॅरेज नक्की कुठे आहे ते सांगा, चतुर्थीला येईन तेव्हा भेटायचंय.

कुडाळचो_फिटर | २२ जून, सकाळी ७.००

येवा. व्यनि केलंय. येताना तो प्लग घेऊन येवा, पोरांका दाखवूक होयो.